किंमत पावतीवर, मूल्य पायवाटेवर

महाराष्ट्राच्या शहरांत सायकलीला पुन्हा चांगले दिवस आले आहेत. एकेकाळी दूधवाल्याची, टपालवाल्याची आणि पाळीला जाणाऱ्या कामगाराची असलेली सायकल आता रविवारच्या पहाटे सिंहगडाच्या पायथ्याशी किंवा ठाण्यातील येऊरच्या चढावर दिसते. तिचे रूपही पालटले आहे. रुंद दातेरी टायर, पुढे स्प्रिंगचा चिमटा, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि मागे गिअरच्या चकत्यांची उतरंड, असा थाट असला की दुकानदार तिला 'माउंटन बाइक' म्हणतो आणि घेणाराही ते मान्य करतो. मात्र शेजारीच ठेवलेल्या, जवळपास तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या सायकलीची किंमत चौपट असते. हा फरक नावाचा, दिखाऊपणाचा की खऱ्या टिकाऊपणाचा, हे ठरवणे सामान्य ग्राहकाला अवघड जाते. स्वस्त सायकल दगडगोट्यांच्या उतारावर दगा देऊ शकते. महाग सायकल घेऊन ती सोसायटीच्या आवारातच फिरवली, तर पैसा वाया जातो. दोन्हींतून वाचायचे असेल, तर किंमत आणि मूल्य यांतील भेद समजून घ्यायला हवा.

ब्रेकमधील वंगणाची गोष्ट

या खेळाचा जन्मच टिकाऊपणाच्या प्रश्नातून झाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात काही तरुण १९७० च्या दशकात जुन्या, जाडजूड टायरांच्या सायकली डोंगरावर नेऊन कच्च्या रस्त्याने भरधाव खाली आणत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या अशाच एका तीव्र उतारावर त्यांची पहिली शर्यत झाली. या सायकलींना पेडल उलटे फिरवून लावायचे ब्रेक होते. उतार संपेपर्यंत ते इतके तापत, की मागच्या हबमधील वंगण जळून जाई आणि दर खेपेस ते नव्याने भरावे लागे. वंगण पुन्हा भरणे, म्हणजेच इंग्रजीत 'रीपॅक', हेच त्या उताराचे आणि शर्यतीचे नाव पडले. जुने सांगाडे हा मार सोसत नाहीत, हे ध्यानात आल्यावर जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये खास या कामासाठी सांगाडा बांधला आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची 'स्टम्पजंपर' ही मोठ्या प्रमाणावर तयार होणारी माउंटन बाइक बाजारात आली. डोंगरातली सायकल दिसते कशी यापेक्षा ती काय सोसते यावर ओळखली जाते, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

आजच्या ग्राहकाला त्याची कसोटी लिखित स्वरूपात उपलब्ध आहे. अमेरिकेतील एएसटीएम या मानक संस्थेने सायकलींचे वापरानुसार पाच वर्ग केले आहेत. पहिला वर्ग पक्क्या रस्त्याचा. दुसऱ्यात खडीचे रस्ते आणि सुमारे १५ सेंटिमीटरपर्यंतच्या पायऱ्या येतात. तिसऱ्यात खडबडीत पायवाटा आणि ६१ सेंटिमीटरपर्यंतच्या उड्या, चौथ्यात १२२ सेंटिमीटरपर्यंतच्या उड्या आणि पाचव्यात त्याहून कठोर वापर. अनेक कंपन्या हा वर्ग माहितीपुस्तिकेत किंवा सांगाड्यावरील लेबलावर छापतात. डोंगरी दिसणाऱ्या एखाद्या सायकलीच्या पुस्तिकेत 'खडबडीत वाटेवर वापरू नये' अशीही बारीक अक्षरांतील ओळ सापडते. पैसे मोजण्यापूर्वी ती ओळ शोधावी. ती असेल, तर रुंद टायर ही केवळ सजावट आहे असे समजावे.

तीन प्रकारचे भाग, तीन मोजमापे

टिकाऊपणाचा विचार करताना सगळ्या भागांना एकच माप लावण्याची चूक सर्रास होते. वास्तविक सायकलीचे भाग तीन प्रकारचे असतात. काही तुटता कामा नयेत असे, काही वेळोवेळी सांभाळायचे आणि काही झिजण्यासाठीच घडवलेले.

सांगाडा, चिमटा, हँडल, हँडल धरणारा स्टेम आणि क्रँक हे पहिल्या प्रकारात येतात. उतारावर यांपैकी एखादा भाग तुटला, तर सावरायला वेळ मिळत नाही. इथे काटकसर करू नये. पोलाद, अॅल्युमिनियम आणि कार्बन या तिन्हींचे गुणधर्म वेगळे आहेत. पोलादाला एका मर्यादेखालील ताण कितीही वेळा दिला तरी ते थकत नाही. शिवाय ते बहुधा मोडण्यापूर्वी वाकते आणि त्याला वेल्डिंगही करता येते. अॅल्युमिनियम हलके आणि गंजाला दाद न देणारे. मात्र त्याला थकव्याची अशी सुरक्षित मर्यादा नाही. लहान लहान धक्क्यांची बेरीज होत राहते. म्हणूनच चांगले उत्पादक त्यात जाडी पुरेशी ठेवतात आणि सांध्यांपाशी नळ्या अधिक भरीव करतात. कार्बन योग्य बांधणीत अतिशय बळकट असतो, पण दगडाचा टोकदार आघात बसल्यास आतले थर सुटतात आणि वरून मात्र फक्त रंगावर ओरखडा दिसतो. असा सांगाडा जुन्या बाजारात स्वस्तात मिळाला, तर त्या स्वस्ताईकडे संशयानेच पाहावे.

हेल्मेटही याच वर्गातले. त्यातील फेसाचा थर आघाताच्या वेळी चेपतो आणि डोक्याला बसणारा मार स्वतःवर घेतो. एकदा चेपलेला थर पुन्हा तसे काम करत नाही. तेव्हा जोराच्या पडझडीनंतर वरून धडधाकट दिसणारे हेल्मेटही बदलावे लागते. युरोपचे ईएन १०७८ किंवा अमेरिकेचे सीपीएससी यांपैकी एखाद्या मानकाचा उल्लेख आत आहे ना, हे पाहावे. किंमत वाढते ती बहुतेक वेळा वजन, हवेशीरपणा आणि सोयींसाठी. मान्यताप्राप्त साधे हेल्मेटही आपले मूळ काम करते.

सांभाळायचे भाग

दुसऱ्या प्रकारात सस्पेन्शनचा चिमटा, हायड्रॉलिक ब्रेक आणि छर्ऱ्यांवर फिरणारे भाग येतात. यांचे आयुष्य खरेदीपेक्षा देखभालीवर अवलंबून असते. चांगल्या चिमट्यात स्प्रिंगबरोबरच तिची उसळी आवरणारी तेलाची यंत्रणा असते. स्वस्त चिमट्यात ती नसते. दबलेली स्प्रिंग चाकाला झटक्यासरशी परत फेकते आणि टायरची पकड सुटते. शिवाय वजन वाढते ते वेगळेच. त्यामुळे खर्चाला मर्यादा असेल, तर स्प्रिंगच्या नावाखाली लोखंड वाहण्यापेक्षा साधा ताठ चिमटा आणि रुंद, चांगले टायर हा अधिक शहाणपणाचा सौदा ठरतो. दुसरीकडे, महागडा चिमटा घेणाऱ्याने त्याचा पुढचा खर्चही आधीच धरावा. रॉकशॉक्ससारखी कंपनी आपल्या चिमट्यांच्या खालच्या नळ्या साधारण दर ५० तासांच्या वापरानंतर उघडून साफ करण्यास सांगते. ही सेवा आपल्या शहरात मिळते का, हा प्रश्न दुकानात विचारण्याजोगा आहे.

ब्रेकचे तसेच. काही हायड्रॉलिक ब्रेकमध्ये डॉट द्रव असतो. तो हवेतील ओल शोषतो आणि ठरावीक काळाने बदलावा लागतो. शिमानोचे ब्रेक खनिज तेलावर चालतात. ते ओल शोषत नाही. एकाच्या जागी दुसरे घातले, तर रबरी सील खराब होतात. मागच्या चाकाचा हबही न्याहाळावा. स्वस्त सायकलीत गिअरच्या चकत्या फ्रीव्हीलसह हबवर आटे देऊन बसवलेल्या असतात. त्या बाजूचे छर्रे आत सरकतात, आसाचा बराच भाग आधाराविना उरतो आणि जड स्वार उडी मारून उतरला की आस वाकतो. कॅसेट पद्धतीच्या हबमध्ये आधार टोकाजवळ असतो. दिसायला हा फरक नगण्य आहे, पण मोठा खर्च त्यानेच वाचतो.

झिजणारे भाग

साखळी, ब्रेकचे पॅड आणि टायर हे झिजण्यासाठीच असतात. त्यांची झीज थांबवता येत नाही. मोजता मात्र येते. नव्या साखळीच्या एका पिनेपासून चोविसाव्या पिनेपर्यंतचे अंतर बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर असते. ते साधारण ३०७ मिलिमीटर झाले, की साखळी पाऊण टक्का वाढली. अकरा किंवा बारा गिअरच्या अरुंद साखळीत अर्धा टक्का वाढ, म्हणजे सुमारे ३०६.३ मिलिमीटर, हीच मर्यादा मानतात. त्यापुढे वापरलेली साखळी कॅसेटचे दात खाऊ लागते आणि मग स्वस्त साखळीऐवजी महाग कॅसेटही बदलावी लागते. झिजणारा स्वस्त भाग वेळेवर बदलणे हा महाग भागाचा विमाच होय.

सह्याद्रीतील पावसाळ्यात हा हिशेब अधिक कडक होतो. तांबडी माती आणि पाणी यांचा लगदा साखळीत शिरला, की तो पॉलिश पेपरसारखे काम करतो. चिखलात सेंद्रिय पॅड लवकर संपतात. धातुमिश्रित पॅड अधिक टिकतात, पण आवाज करतात. डिस्कची जाडीही पाहावी. शिमानोच्या बहुतेक डिस्क १.५ मिलिमीटरपर्यंत झिजल्या, की बदलाव्या लागतात. फेरीनंतर सायकल जरूर धुवावी, मात्र सर्व्हिसिंग सेंटरमधील जोराच्या फवाऱ्याने हबवर पाणी मारू नये. ते सीलमधून आत शिरते, वंगण वाहून नेते आणि छर्रे गंजतात.

जास्त पैसे कुठवर?

कीथ बाँट्रेगर या अमेरिकी सायकल-कारागिराच्या नावे एक उद्गार प्रसिद्ध आहे. मजबूत, हलके आणि स्वस्त यांपैकी कोणतेही दोनच गुण एकत्र मिळतात, असा त्याचा आशय. बाजारातील किंमतींची गुंतागुंत त्याने बरीच सुटते. सर्वांत खालच्या श्रेणीतून मधल्या श्रेणीत जाताना वाढीव पैसा बहुधा मजबुतीत पडतो. शिमानोच्या मांडणीत डिओर ही अशी मधली पायरी आहे. त्यापुढे एक्सटी, एक्सटीआर या श्रेणींत पैसा मुख्यत्वे वजन घटवण्यात आणि हालचालीच्या नजाकतीत जातो. शर्यतीत उतरणाऱ्याला त्याचे मोल असेल. रविवारी डोंगरात जाणाऱ्याला फारसे नाही. मागचा डिरेलर तेवढा नामांकित आणि हब, ब्रेक, क्रँक अनामिक, अशी जुळणीही आढळते. म्हणून एका नावावर न भुलता सुट्या भागांची संपूर्ण यादी मागावी.

टिकाऊपणाचा आणखी एक निकष आहे तो सुटे भाग मिळण्याचा. २६ इंची चाकांची जागा जगभर साडेसत्तावीस आणि एकोणतीस इंचांनी घेतली. २६ इंची टायर आपल्याकडे अजून सहज मिळतात, पण त्या मापाचे दर्जेदार सस्पेन्शन चिमटे दुर्मीळ झाले आहेत. डिरेलर ज्यावर टांगतात तो हँगर मुद्दाम नाजूक ठेवलेला असतो. दगड लागल्यास तो वाकावा आणि सांगाडा वाचावा, हा हेतू. त्याचे आकार शेकडो आहेत. त्यावर उपाय म्हणून स्रॅम कंपनीने २०१९ मध्ये सर्वत्र चालणारा एक प्रमाणित हँगर आणला. तो नसेल, तर सायकलीबरोबरच एक जादा हँगर विकत घेऊन ठेवावा. हबमधील बेअरिंगवर ६९०२ सारखा प्रमाणित क्रमांक असेल, तर तेच बेअरिंग शहरातील यंत्रसामग्रीच्या दुकानातही मिळू शकते.

वापरलेली सायकल घेणाऱ्यानेही हीच दृष्टी ठेवावी. चिमट्याच्या चकचकीत नळ्यांवर नखाला जाणवणारे ओरखडे आहेत का, सांध्यांजवळ रंगाला केसासारखी चीर गेली आहे का, चाकाचा आउट निघण्याजोगा आहे का, हे पाहावे; खिशात साखळी मोजायला पट्टी असावी. घासाघीस करायची ती साखळी, टायर आणि पॅडवर. सांगाड्याला चीर दिसली, तर किंमत कितीही उतरली तरी व्यवहार तिथेच थांबवावा.