स्वस्त ड्रमसेट घेताना पैसे कुठे घालावेत?

घरात कुणी ड्रम शिकायचं मनावर घेतलं की पहिला प्रश्न येतो तो किमतीचा. दुकानात एका बाजूला मेपल आणि बर्च लाकडाचे चकचकीत सेट असतात, दुसऱ्या बाजूला पॉपलरसारख्या स्वस्त लाकडाचे. लाकूड हलकं म्हणजे आवाजही हलका, असं धरून काही पालक न झेपणारा खर्च करतात, तर काही बेतच रद्द करतात. ध्वनिशास्त्र मात्र वेगळं सांगतं. ड्रमचा आवाज मुख्यतः लाकडातून येत नाही. तो ताणलेल्या हेडमधून येतो. एवढं लक्षात घेतलं की हात कुठे आखडता घ्यायचा आणि कुठे नाही, हे ठरवता येतं.

ढोलाला जसं पान, तसं ड्रमला हेड. स्टिक पडली की हेड थरथरतं आणि हवेला धक्के देतं. ते सेकंदाला किती वेळा थरथरेल, हे मुख्यतः तीन गोष्टी ठरवतात: हेडचा व्यास, त्यावरचा ताण आणि त्याची जाडी, म्हणजेच ठरावीक क्षेत्रफळामागे असलेलं वजन. व्यास दुप्पट केला तर मूळ वारंवारता निम्मी होते. ताण चौपट केला तर ती दुप्पट होते. या सूत्रात लाकडाची जात कुठेच येत नाही.

गोल हेड एकाच तऱ्हेने थरथरत नाही. मूळ वारंवारता १ धरली, तर आदर्श हेडमधून तिच्या १.५९, २.१४, २.३०, २.६५ पट अशाही वारंवारता एकाच वेळी उमटतात. सतारीच्या तारेत हे आकडे २, ३, ४ असे पूर्णांकात येतात, म्हणून तिथे स्वर ठाम लागतो. ड्रममध्ये ते अपूर्णांकात असल्यामुळे नेमक्या स्वरापेक्षा आघात जास्त जाणवतो. आपल्या तबल्याने आणि मृदंगाने ही अडचण शाईने सोडवली. पुडीवरच्या शाईच्या वजनामुळे उपस्वर पूर्णांकांच्या जवळ येतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये मांडलं. ड्रमसेटच्या हेडला शाई नसते, त्यामुळे तिथे सगळी भिस्त ताणावर आणि तो किती सारखा आहे यावर असते.

पूर्वी हेड वासराच्या कातड्याचं असे. दमट हवेत ते सैल पडे, कोरड्या हवेत आक्रसे. १९५०च्या दशकात पॉलिएस्टरच्या फिल्मची हेड आली आणि हा त्रास जवळपास संपला. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात आज ड्रम ठीक वाजतो, तो या फिल्ममुळे. साध्या एकपदरी हेडची जाडी असते पाव मिलिमीटर. स्वस्त सेटबरोबर येणारी हेड बहुधा हलक्या प्रतीची असतात. स्नेअर आणि टॉमची वरची हेड बदलली की तोच सेट ओळखू येत नाही. स्वस्त सेटवर केलेल्या खर्चात सगळ्यात जास्त फळ देणारा खर्च हाच.

मग शेलचं, म्हणजे ड्रमच्या लाकडी नळकांड्याचं, काम काय? हेड सगळीकडून सारखं धरून ठेवायचं. म्हणून लाकडाच्या नावापेक्षा हेड जिथे टेकतं ती कड महत्त्वाची. ती तपासायची युक्ती सोपी आहे. हेड काढा, शेल स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या सपाट ओट्यावर उपडं ठेवा, आत मोबाइलचा टॉर्च लावा आणि खोलीतला दिवा मालवा. कडेखालून कुठे उजेडाची रेघ दिसली, तर तिथे कड बसकी आहे आणि हेड तिथे नीट टेकणार नाही. जुना सेट घेताना ही परीक्षा जरूर करावी.

यानंतरचं काम फुकटात होतं, ते म्हणजे ट्यूनिंग. हेड बसवून सगळे बोल्ट आधी बोटांनी घट्ट करा. मग ड्रम कीने एक बोल्ट अर्धा फेरा फिरवला की लगेच त्याच्या समोरचा फिरवा, नंतर त्यांच्या शेजारची जोडी. ओळीने फिरवत गेलात तर हेड एका बाजूला ओढलं जातं. ताण आला की प्रत्येक बोल्टजवळ, कडेपासून इंचभर आत, स्टिकने हलकेच टिचकी मारून ऐका. जिथे आवाज खालचा येतो तिथे थोडं कसा, जिथे चढा येतो तिथे सैल करा. ताण असमान असेल तर जवळजवळच्या दोन वारंवारता एकमेकींत मिसळून आवाज डुगडुगतो. ‘स्वस्त ड्रम बेकार वाजतो’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

सिंबलचं, म्हणजे त्या मोठ्या झांजांचं, गणित वेगळं. सिंबलला ताण देता येत नाही. त्याचा आवाज धातूत आणि घडणीतच ठरून गेलेला असतो. चांगले सिंबल काशाचे असतात: काहींत ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील, काहींत ९२ आणि ८ टक्के. अगदी स्वस्त सेटमध्ये पितळेचे येतात. काठी पडल्यावर चांगल्या सिंबलमधली ऊर्जा खालच्या वारंवारतांकडून वरच्या वारंवारतांकडे सरकत जाते, म्हणून ती चकाकी आघातानंतर क्षणभराने फुलते. पितळेत ती दबते. म्हणून शेल स्वस्त चालतील, पण हाय-हॅट आणि राइड काशाचे घ्या, वापरलेले का होईनात. मधलं भोक लांबट झालंय का आणि कडेला चीर आहे का, हे बोट फिरवून पाहा. चीर पुढे वाढतेच.

आता कानांचा प्रश्न. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास सोसता येतो. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला उरतात जेमतेम १५ मिनिटं. बंद खोलीतला ड्रम ही पातळी सहज गाठतो. अंतर्कर्णातल्या केशपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. त्यामुळे इअरमफ हा सेटचाच भाग समजा आणि पहिल्या दिवसापासून मुलाच्या कानांवर चढवा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी भिंतींना अंड्यांचे ट्रे लावण्यात वेळ दवडू नये. आवाज अडवायला वस्तुमान लागतं, पुठ्ठ्यात ते नसतं. त्यांच्यासाठी जाळीच्या हेडचा इलेक्ट्रॉनिक सेट बरा. जाळीखालचा पीझो सेन्सर आघाताचं विजेत रूपांतर करतो आणि आवाज हेडफोनमध्ये येतो. तरीही पेडलचा दणका लादीतून खालच्या मजल्यावर पोचतो, म्हणून त्याखाली जाड रबरी मॅट हवी.

नवशिक्याला जागा कमी असेल तर २० इंची बेस ड्रम, १०, १२ आणि १४ इंची टॉम आणि १४ इंची स्नेअर एवढं पुष्कळ झालं. पैसे ठेवायचे ते हेड, काशाचे सिंबल, न डुगडुगणारं स्टूल, दमदार पेडल आणि इअरमफ यांच्यासाठी. दुकानात जाताना वाजवणारं कुणीतरी सोबत न्या, सेट समोर ट्यून करून वाजवायला सांगा आणि रंगाकडे न पाहता ऐकून घ्या. मेपलचं शेल पुढे कधीही घेता येईल. गेलेला कान मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही.