खेळातील मोटार पुन्हा हाती घेताना

दूरनियंत्रित मोटारगाड्यांची शर्यत हा केवळ मुलांचा खेळ होय, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः या खेळात यंत्रज्ञान, हस्तकौशल्य आणि शिस्त या तिहींची कसोटी लागते. तरुणपणी यात रमलेला, पुढे नोकरी-संसाराच्या व्यापात तो सोडून दिलेला एखादा भोईवाड्यातील गृहस्थ वीस-पंचवीस वर्षांनी माळ्यावरचे खोके खाली उतरवितो, तेव्हा त्याची अडचण नवशिक्याहून निराळी असते. नवशिक्यास काहीच ठाऊक नसते. परतलेल्यास पुष्कळ ठाऊक असते, परंतु त्यातील काही गोष्टी मध्यंतरी चुकीच्या ठरलेल्या असतात. त्या कोणत्या, हे ओळखणे ही त्याची पहिली पायरी होय.

निर्जीव वाहनास तारेवाचून आज्ञा देण्याची कल्पना जुनी आहे. निकोला टेस्ला याने १८९८ साली न्यूयॉर्क येथे बिनतारी लहरींनी चालणारी छोटी नौका लोकांस दाखविली होती. मोटारगाड्यांचा छंद घरोघरी पोहोचविण्यात जपानच्या टामिया कंपनीचा वाटा मोठा. तिची पोर्श ९३४ ही गाडी १९७६ साली निघाली, तर ‘ग्रासहॉपर’ म्हणजे नाकतोडा ही १९८४ साली. परतणाऱ्यांची संख्या एवढी, की या कंपनीने २००५ साली तोच नाकतोडा पुन्हा बाजारात आणला. गाडीचे रूप जुनेच राहिले; पण भोवतालची साधने पालटली होती.

पहिला पालट लहरींचा. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, तेव्हापासून एकाच लहरीवर दोन केंद्रे आली म्हणजे काय गोंधळ होतो, हे श्रोत्यांस ठाऊक आहे. जुन्या गाड्यांचेही तसेच होते. २७ मेगाहर्ट्झच्या आसपास सहा ठराविक लहरी असत आणि तपकिरी, तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा व निळा या सहा रंगांनी त्या ओळखल्या जात. म्हणून या लहरींवर एका वेळी सहाच गाड्या धावू शकत. आपल्या रंगावर दुसरा कोणी नाही, याची विचारपूस केल्यावाचून यंत्र सुरू करणे हा मोठा अपराध मानला जाई. कारण त्यामुळे दुसऱ्याची भरधाव गाडी भिंतीवर आदळे. आता २.४ गिगाहर्ट्झच्या यंत्रांत प्रेषक व ग्राहक एकमेकांची खूण ओळखून जोडले जातात आणि अनेक गाड्या एकत्र धावतात. भारत सरकारने २००५ साली हा पट्टा अल्पशक्तीच्या यंत्रांसाठी परवान्यावाचून खुला केला. विचारपूस करण्याची गरज संपली; सौजन्याची मात्र संपली नाही. पूर्वी जे यंत्राच्या धाकाने पाळावे लागे, ते आता आपण होऊन पाळावयाचे आहे.

दुसरा पालट बॅटरीचा, आणि तो अधिक गंभीर आहे. पूर्वीच्या निकेल-कॅडमियमच्या बॅटरीत सहा घट मिळून ७.२ व्होल्ट दाब असे. गाडी अगदी थांबेपर्यंत चालवावी, बॅटरी पूर्ण रिकामी करून मगच भरावी, असा शिरस्ता होता. आजच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीस हाच शिरस्ता घातक ठरतो. तिच्या प्रत्येक घटाचा दाब ३ व्होल्टच्या खाली गेला की ती बिघडते, ४.२ व्होल्टच्या वर गेला, तर ती फुगते व पेटूही शकते. जुन्या वेगनियंत्रकास दाब उतरताच गाडी थांबविण्याची अक्कल नसते. म्हणून जुना वेगनियंत्रक किंवा जुना चार्जर नव्या बॅटरीस कधीही जोडू नये. नायगावच्या बी. डी. डी. चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. त्यांतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. एवढ्या जागेत बिछाना, कपडे आणि स्वयंपाक एकत्र नांदतात. तेथे बॅटरी भरावयाची ती उघड्या फरशीवर, दाराची वाट मोकळी ठेवून आणि जवळ बसून. ती भरत असता झोपी जाणे म्हणजे साऱ्या चाळीचा जीव टांगणीस लावणे होय. फुगलेली बॅटरी तर वापरू नये, टोचू नये आणि केरातही टाकू नये.

तिसरी गोष्ट वेगाची. दीड किलो वजनाची गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने धावत असता तिच्यात जी ऊर्जा असते, जवळजवळ तेवढीच ताशी १२० किलोमीटर वेगाने येणाऱ्या क्रिकेटच्या चेंडूत असते. असा चेंडू गल्लीत मुलांच्या पायाशी कोणी टाकणार नाही. मग गाडीही सोडू नये. मोकळे मैदान, मालकाची परवानगी आणि संदेश तुटताच गाडी आपोआप थांबेल अशी ग्राहकातील योजना, ही तिन्ही आधी पाहावीत.

एवढे पाळले, की जुन्या ज्ञानातील जे टिकाऊ असते ते पुन्हा कामास येते. भोईवाडा या नावाने पालखी वाहणाऱ्या भोयांची आठवण होते. पालखीतील माणूस वाहनाबरोबर जातो. या खेळात वाहन पुढे जाते आणि चालविणारा जागीच उभा राहतो. गाडी दूर जात असता उजवे ते उजवेच असते. ती समोरून येऊ लागली, की डावे-उजवे उलटते. हा उलटा हिशेब एकदा बोटांत मुरला, म्हणजे सहसा विसरला जात नाही. तो केवळ मंदावतो. म्हणून परतणाऱ्याने नव्या बलवान मोटरीचा मोह काही दिवस आवरावा, चार खुणा मांडून निम्म्या वेगाने फेऱ्या घ्याव्यात आणि एकाही खुणेस न लागता लागोपाठ दहा फेऱ्या झाल्यावाचून वेग वाढवू नये. बोटांची गेलेली चपळाई अशा सरावाने हळूहळू परत येते. बॅटरीविषयीची जुनी सवय मात्र पहिल्याच दिवशी सोडावयास हवी.