जखम कोणी मोजायची?

पहाटे चेंबूरच्या अमर महल चौकात उभे राहिले की रस्त्यावर पायी कोण चालतो ते दिसते. झाडूवाले, भंगार वेचणाऱ्या बाया, नाक्याकडे निघालेले बिगारी. शेजारून माहुलच्या तेलकारखान्यांचे टँकर धावत असतात. इथे मेलेला माणूस बहुधा मोजला जातो. जगला-वाचला, पण कायमचा लंगडा झाला, त्याचे काय?

२०२२ साली सरकारी हिशेबाने देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. या जखमींतले गंभीर कोण, हे पोलीस ठरवतात. त्यांच्या हाती कायद्यातली ‘जबर दुखापत’ असते. १८६० च्या दंड संहितेने तिचे आठ प्रकार सांगितले होते. त्यात हाड मोडणे येते, तसे दात मोडणेही येते. म्हणजे दात पडलेला आणि कणा मोडलेला एकाच रकान्यात! आठव्या प्रकारात, वीस दिवस नित्याचे काम करता आले नाही तर दुखापत जबर ठरे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेने वीसाचे पंधरा दिवस केले. पण मजुराने पंधरा दिवस तरी घरी बसायचे कसे? खाडा पडला की चूल विझते. तो पाचव्या दिवशी फडके बांधून कामावर जातो आणि कागदावर त्याची जखम किरकोळ ठरण्याचा धोका असतो. भुकेने जखम लहान होत नाही. तिची नोंद मात्र लहान होते.

या नोंदीवर पुढचे बरेच अवलंबून आहे. ठोकर मारून वाहन पळाले, तर जबर जखमीला ५०,००० रुपये मिळतात. किरकोळ जखमीला काही नाही. राष्ट्रीय महामार्गावरील ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे वा जबर दुखापतीचे पाच अपघात झाले, तर तो टप्पा अपघातप्रवण ठरतो. जखम नोंदली नाही, तर रस्ताही निर्दोष!

दुसरी पद्धत आहे. १९७१ पासून वैद्यकात जखमेला १ ते ६ असे गुण देण्याची रीत आहे. मांडीचे हाड मोडले तर साधारण ३. तीन किंवा त्याहून अधिक गुण म्हणजे गंभीर, ही व्याख्या युरोपीय संघाने २०१३ साली स्वीकारली. तिथे जखमेचा आधार डॉक्टरचा कागद. जखमी किती दिवस घरी बसू शकला, हा नव्हे.

ही रीत आपल्याकडे रुजावी, अशी मागणी केली पाहिजे. तोवर जखमीबरोबर जाणाऱ्या कार्यकर्त्याने केसपेपर आणि डिस्चार्ज कार्ड जपावे, दुखणे वाढल्यास नवा दाखला पोलिसांच्या कागदांत लावून घ्यावा. ज्याची नोंद नाही, त्याच्यासाठी रस्ता कोणी दुरुस्त करीत नाही.