नॉरबॉटन : बारभाईचा कारभार की कामाची वाटणी?

स्वीडनचे जिल्हे : लेखांक ६

दक्षिणेकडचे दाट वस्तीचे जिल्हे मागे टाकून आता थेट देशाच्या उत्तर टोकाला जाऊ. नॉरबॉटनचे क्षेत्रफळ पाण्यासह एक लाख चौरस किलोमीटरांहून जास्त आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश. देशाचा जवळपास चौथा हिस्सा या एका जिल्ह्यात येतो, आणि राहतात जेमतेम अडीच लाख माणसे. त्यांतली बहुतेक बोथनियाच्या आखाताकाठी, लुलेओ, पितेओ, बूदेन या पट्ट्यात. उलट ज्यांच्यावरून भांडणे होतात ती लोखंडाची खनिजे, धरणे आणि रेनडिअरची कुरणे आहेत आत, नॉर्वेकडच्या डोंगरांच्या बाजूला. किरुना ही एकच नगरपालिका सुमारे वीस हजार चौरस किलोमीटर पसरलेली आहे. जिल्ह्याची पूर्वसीमाही कुणी सोयीने आखलेली नाही. १८०९ मध्ये फिनलंड रशियाकडे गेला, टोर्ने नदी सरहद्द झाली आणि पुढच्याच वर्षी वेस्टरबॉटनमधून तोडून हा जिल्हा उभा केला गेला.

या प्रदेशावर कारभार कोणाचा? आपल्याकडचा वाचक जिल्हा म्हटले की जिल्हाधिकारी शोधतो. लुलेओत सरकारने नेमलेला गव्हर्नर आहे, त्याच्या हाताखाली जिल्हा प्रशासन मंडळही आहे; पण दवाखाने त्याचे नाहीत. ते लोकांनी निवडलेल्या प्रादेशिक परिषदेचे, आणि त्यासाठी ती आपला वेगळा आयकर घेते. शाळा, वृद्धांची देखभाल आणि जमिनीचे नियोजन चौदा नगरपालिकांकडे. त्यांचाही कर वेगळा. किरुना शहराचे पुनर्वसन पाहा. जमिनीखालच्या खाणीमुळे शहराचे केंद्र हलवावे लागले, २०२५ च्या ऑगस्टमध्ये १९१२ चे लाकडी चर्च अख्खेच्या अख्खे चाकांवर चढवून नेले. तिथे नव्या शहराचा आराखडा नगरपालिकेचा आणि खर्चाचा मोठा वाटा सरकारी खाण कंपनीचा. गव्हर्नर या सगळ्यांचा वरिष्ठ नव्हे.

यावर पहिला आक्षेप उघड आहे : हा बारभाईचा कारभार झाला. अडीच लाख माणसांसाठी एवढी कार्यालये कशाला, निवडून आलेल्या परिषदेच्याच हाती सगळे द्यावे. आक्षेप वजनदार आहे, पण तो कामाचा प्रकार विचारात घेत नाही. दवाखाना चालवणे हे सेवेचे काम, त्यात मतदाराला जाब विचारता आला पाहिजे. खाणीला परवानगी द्यावी की नाही हे निवाड्याचे काम. लुलेओच्या मतदाराला पोलाद हवे असते. त्याच्या बहुमतावर आतल्या भागातल्या योकमोकच्या सामी, म्हणजे उत्तरेतल्या मूळनिवासी, पशुपालकाचे कुरण सोपवणे न्यायाचे नाही. योकमोकजवळच्या गालोक लोहखाणीच्या प्रकरणात हेच दिसले. परवाना देणे खाण निरीक्षकाकडे, पण जमिनीच्या वापराबाबत जिल्हा मंडळाचे मत घ्यावे लागते आणि दोघांचे जुळले नाही तर प्रकरण सरकारकडे जाते. मंडळाने प्रतिकूल मत दिले. सरकारने मार्च २०२२ मध्ये तरीही, अटी घालून, परवाना दिला. मग मंडळाच्या मताला अर्थ काय राहिला? अर्थ इतकाच, आणि तो थोडा नाही, की निर्णय खालच्या टेबलावर गुपचूप उरकता आला नाही. मंत्र्यांना आपल्या नावाने, कारणे देऊन तो घ्यावा लागला.

दुसरा आक्षेप जास्त झोंबणारा आहे. हे मंडळ कसले तटस्थ, ते तर सरकारचेच मुनीम! यात तथ्य आहे. प्रत्येक सामी पशुपालक-संघाने जास्तीत जास्त किती रेनडिअर पाळावेत हे मंडळच ठरवते. डोंगराळ भागात रिपा, म्हणजे हिवाळ्यात पांढरे होणारे रानपक्षी, टिपायचे असतील तर शिकाऱ्याला परवाना विकायचे तेही मंडळच. कुरण वापरणारा एक आणि त्यावरच्या शिकारीचे पैसे घेणारा दुसरा, अशी ही व्यवस्था. गिर्यास या संघाने त्याविरुद्ध दावा लावला. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की स्मरणातीत काळापासूनच्या वहिवाटीमुळे त्या क्षेत्रातील लहान शिकार आणि मासेमारीची परवानगी देण्याचा हक्क एकट्या संघाचा आहे, त्याला सरकारची संमती लागत नाही. म्हणजे मंडळ निर्दोष नव्हते. पण दोष निघाला तो ते वेगळे होते म्हणून नव्हे, जमिनीचा मालक आणि जमिनीचा निवाडा करणारा एकाच छपराखाली बसले म्हणून. परिषद आणि मंडळ एक करा म्हणणारे नेमका हाच घोळ वाढवायला निघाले आहेत.

उरला आकाराचा मुद्दा. २०१६ मध्ये सरकारी समितीने एकवीसऐवजी सहा मोठे जिल्हे सुचवले. त्यात उत्तरेचे चारही जिल्हे एकत्र येणार होते. राजकीय पाठिंबा आटला आणि योजना बारगळली. पैशाच्या हिशेबाने ती चूक होती असे म्हणता येत नाही, विशेषज्ञांचे उपचार मोठ्या रुग्णालयातच परवडतात. पण त्यासाठी सरहद्दी पुसाव्या लागत नाहीत. नॉरबॉटनचे अवघड रुग्ण आजही शेजारच्या जिल्ह्यात, उमेओच्या विद्यापीठ रुग्णालयात जातात. सरहद्द न हलवता काम वाटून घेण्याचा उलटा नमुना बाल्टिक समुद्रातल्या गोटलंड बेटावर आहे. तिथे परिषद आणि नगरपालिका एकच आहेत. तरीही व्हिस्बीतले सरकारी जिल्हा मंडळ वेगळेच ठेवले आहे. त्याची कारणे पुढच्या लेखांकात.