क्ष-किरणांचे वेध घेणारे फुगे व त्यांचे मराठवाड्यांत उतरणारे पेटारे

नांदेड व लातूर या जिल्ह्यांत जुन्या दप्तरांच्या शोधार्थ हिंडणाऱ्या आमच्या संशोधकबंधूंस एखादे वेळीं शिवारांत रंगीत छत्री, पातळ प्लॅस्टिकचे पापुद्रे व दोरास बांधलेला यंत्रांचा पेटारा आढळण्याचा संभव आहे. ही वस्तु काय व तिची व्यवस्था कशी लावावी, याचा खुलासा येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आकाशांतील कांहीं ज्योतींपासून क्ष-किरण निघतात. परंतु वातावरण ते शोषून घेतें, म्हणून भूमीवरील वेधशाळेस ते दिसत नाहींत. सूर्यमालेबाहेरचा असा पहिला उगम १९६२ सालीं अमेरिकेंत अग्निबाणावरील यंत्रास वृश्चिक राशींत सांपडला. परंतु असा अग्निबाण उंचावर कांहीं मिनिटेंच टिकतो. उलटपक्षीं हायड्रोजन वायूनें भरलेला फुगा सुमारें ४० किलोमीटर उंचीवर कित्येक तास तरंगतो. तेथें वर उरलेली हवा शेंकडा एक अंशाहूनहि कमी असते. तेवढी हवाहि मृदु किरणांस अडवितेच. मात्र सुमारें २० सहस्र इलेक्ट्रॉन-व्होल्टांहून अधिक ऊर्जेचे कठोर किरण तींतून पार होतात. हे किरण फार विरळ असल्यामुळें त्यांची मोजणी दीर्घकाळ चालावी लागते. फुग्याचें महत्त्व यांतच आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें २८ एप्रिल १९६८ रोजीं हैदराबादेहून फुगा सोडून वृश्चिकांतील त्याच उगमाचे वेध घेतले. पुढें १९६९ सालीं तेथें फुग्यांचें कायमचें केंद्र झालें. या कामांतील अनुभव २०१५ सालीं उडविलेल्या ‘अॅस्ट्रोसॅट’ उपग्रहावरील क्ष-किरणमापकांची रचना करितांना उपयोगी पडला.

वेध संपले म्हणजे पेटारा फुग्यापासून सुटून छत्रीच्या आधारें खालीं येतो. परंतु तोंवर वाऱ्यानें तो हैदराबादेपासून २०० ते ३५० किलोमीटरपर्यंत वाहून नेलेला असूं शकतो. नांदेड व लातूर हीं दोन्ही शहरें तेथून सरळ रेषेनें सुमारें २३० किलोमीटरांवर आहेत. १९५६ पर्यंत हे प्रदेश हैदराबाद राज्यांतच मोडत असत. त्या जुन्या राजधानीशीं हा एक नवाच संबंध जडला आहे.

पोथीची पानें विस्कटलीं, वा ती कोठें सांपडली याची नोंद राहिली नाहीं, तर तिचें प्रामाण्य उणावतें, हें आमच्या वाचकांस सांगणें नलगे. येथेंहि तोच न्याय लागू आहे. यंत्र अभंग परत मिळाल्यास त्याची पुन्हां पारख करून घेतलेले वेध ताडून पाहतां येतात व तेंच यंत्र पुनः उडवितां येतें. उघडल्यास वर्षांचे श्रम वायां जातात. शिवाय उघड्या भागांत विजेचा तीव्र दाब असण्याचें भय आहे. तरी असा पेटारा आढळल्यास त्यास हात न लावितां स्थळ व वेळ टिपून ठेवावी, वर लिहिलेल्या पत्त्यावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यास कळवावें, आणि संस्थेचीं माणसें येईपर्यंत तो जसाचा तसा राखावा, अशी आमची विनंति आहे.