फुकट वाटण्यासाठी छापलेले पुस्तक

लंडनला जाणाऱ्या आपल्या माणसाची वाट ठरलेली असते. किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर पाहायचे, ग्रेज इनच्या दारात उभे राहायचे, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सपुढे फोटो काढायचा. २०२५ च्या जानेवारीत एका परिसंवादाच्या निमित्ताने मला तिकडे जायला मिळाले, तेव्हा मीही हे सारे केले. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर आणि पासपोर्ट काढणाराही पहिलाच. परिसंवाद संपल्यावर हाताशी दीड दिवस उरला. त्यातला बराचसा वेळ मी ब्रिटिश लायब्ररीत घालवला. तेथे जे पाहिले त्याचा संबंध आपल्या पुस्तकांशी, विशेषतः सहा डिसेंबरला जमिनीवर चादर अंथरून विकल्या जाणाऱ्या पुस्तिकांशी आहे, म्हणून हा लेख. प्रवासवर्णने लिहिणारे मराठीत पुष्कळ आहेत. त्यांच्यात भर घालण्याची मला हौस नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बाबासाहेब जेथे बसून वाचत ते दालन आणि आजची ब्रिटिश लायब्ररी या दोन वेगळ्या जागा आहेत. बाबासाहेब १९२० नंतर ज्या दालनात उघडण्यापासून बंद होईपर्यंत बसत, ते ब्रिटिश म्युझियमच्या अंगणातले गोल दालन. ते १८५७ साली उघडले. त्याच्या घुमटाचा व्यास १४० फूट आहे. राष्ट्रीय ग्रंथालय तेव्हा म्युझियमचाच भाग होते. १९७२ च्या कायद्याने ते वेगळे झाले, आणि १९९७-९८ च्या सुमारास पुस्तके युस्टन रोडवरच्या लाल विटांच्या नव्या इमारतीत हलली. आपले लोक बहुधा म्युझियममधला घुमट पाहून परत फिरतात. पुस्तके आता युस्टन रोडला आहेत.

ते गोल दालन ज्याच्या आग्रहातून उभे राहिले त्या अँटोनिओ पानिझीविषयी आपल्याकडे फारसे कोणी लिहीत नाही. हा मूळचा इटलीचा. तेथे राज्यकर्त्यांविरुद्धच्या कटात सामील झाला म्हणून १८२३ साली त्याला त्याच्या गैरहजेरीत फाशीची शिक्षा झाली. तो पळून इंग्लंडला आला, शिकवण्या करून पोट भरू लागला, पुढे म्युझियमच्या ग्रंथालयात शिरला आणि अखेर साऱ्या म्युझियमचा प्रमुख झाला. १८३६ साली संसदेच्या समितीपुढे साक्ष देताना त्याने एक मागणी केली. पुस्तकांच्या बाबतीत गरीब विद्यार्थ्याला देशातल्या सर्वांत धनवान माणसाइतकीच साधने मिळाली पाहिजेत, असे त्याचे म्हणणे होते. त्यानंतर सुमारे पंच्याऐंशी वर्षांनी तो गरीब विद्यार्थी महूहून, साताऱ्याहून, परळच्या चाळीतून तेथे येऊन बसला. पानिझीच्या डोळ्यांपुढे अर्थातच महार मुलगा नव्हता. पण नियमात जात लिहिलेली नव्हती, आणि तेवढे पुरले.

मला वाचनालयाचा पहिला अनुभव तालुक्याच्या गावी आला. अनामत पन्नास रुपये होती. वडील शेतमजूर. "साहेब, पोरगं इथंच बसून वाचंल," असे ते म्हणाले, तर "बसायला जागा नाही" असे उत्तर मिळाले. जागा होती, मला दिसत होती. असो.

युस्टन रोडच्या इमारतीत मला माझा एक जुना विद्यार्थी घेऊन गेला. तो तिकडे एका रुग्णालयात परिचारक आहे. "सर, आत जायला तिकीट नाही, कोणी विचारतही नाही," असे तो म्हणाला, तरी दारात माझा पाय अडखळलाच. आत शिरताच एक बाक दिसतो. उघड्या पुस्तकाच्या आकाराचा, धातूचा, आणि त्याला जाडजूड साखळी व गोळा जोडलेला. बिल वुड्रो नावाच्या शिल्पकाराने तो केला आहे. युरोपात एके काळी पुस्तके चोरीला जाऊ नयेत म्हणून फडताळांना साखळदंडाने बांधून ठेवीत. माझ्या मनात आले की आपल्याकडे पुस्तकाला साखळी लावण्याची गरज कधी पडलीच नाही. माणसालाच बांधून ठेवले होते. त्या बाकावर आम्ही दोघे बसलो. बसायला मनाई नाही.

समोर काचेचा सहा मजली मनोरा आहे. त्यात राजा तिसरा जॉर्ज याची सुमारे पासष्ट हजार पुस्तके कातडी बांधणीत उभी आहेत. पर्यटक त्यांचे फोटो काढतात. बाजूच्या ट्रेझर्स दालनात ग्रंथालयाची निवडक रत्ने मांडलेली आहेत. तेथेही तिकीट नाही. उजेड मंद, कारण प्रकाशाने शाई उडते. गुटेनबर्गचे बायबल आहे, शेक्सपिअर आहे, बीटल्सनी कागदाच्या कपट्यांवर खरडलेली गाणीसुद्धा आहेत. १२१५ च्या मॅग्ना कार्टाच्या ज्या चार प्रती उरल्या आहेत त्यांपैकी दोन या ग्रंथालयाकडे आहेत. आपल्या वकील मंडळींना या सनदेचे मोठे कौतुक. पण तिच्यातला गाजलेला हक्क ‘स्वतंत्र माणसा’ला दिलेला आहे, आणि त्या काळच्या इंग्लंडात जमिनीला बांधलेले भूदास कुणबी संख्येने फार मोठे होते. त्यांना तो मिळाला नाही. काचेपुढे रांग लावून उभ्या राहिलेल्यांपैकी किती जणांचे पूर्वज त्या शब्दाबाहेर राहिले असतील, असे मनात आल्याशिवाय राहिले नाही.

पण मी ज्यासाठी मुद्दाम गेलो होतो ते वेगळे होते. २७ सप्टेंबर २०२४ ते २३ फेब्रुवारी २०२५ या काळात तेथे दुनहुआंगवर एक प्रदर्शन भरले होते. त्याला मात्र तिकीट होते. चीनच्या वायव्येला वाळवंटाच्या कडेला बौद्ध लेण्यांचा मोठा समूह आहे. त्यातल्या एका लहान गुहेत हजारो गुंडाळ्या रचून अकराव्या शतकाच्या आरंभी तिचे तोंड बंद केले गेले होते. १९०० साली ती एका ताओपंथी साधूला सापडली. १९०७ साली ऑरेल स्टाइन तेथे पोचला आणि त्याने त्या साधूकडून १३० पौंडांत पेट्याच्या पेट्या भरून नेल्या. चीनमध्ये याबद्दल आजही राग आहे, आणि तो मला योग्य वाटतो. त्या पेट्यांत ‘वज्रच्छेदिका’ सूत्राची एक छापील गुंडाळी होती. पाच मीटरांहून थोडी लांब. लाकडी ठशांनी छापलेली. आरंभी चित्र आहे: भगवान बुद्ध बसले आहेत आणि वृद्ध भिक्खू सुभूती गुडघा टेकून प्रश्न विचारीत आहे. अखेरीस तारीख आहे, ती इसवी सनाच्या हिशेबाने ११ मे ८६८ येते. तारीख असलेले आणि पूर्ण टिकलेले जगातले हे सर्वांत जुने छापील पुस्तक. गुटेनबर्गच्या सहाशे वर्षे अगोदरचे. छपाईच्या इतिहासात बौद्धांचे हे स्थान आपल्या पाठ्यपुस्तकांनी आपल्याला सांगितले नाही. मलाही ते नोकरी लागल्यावर कळले.

तारखेला जोडून एक ओळ आहे, तिने मला तेथे खिळवून ठेवले. वांग जिए नावाच्या माणसाने हे पुस्तक आपल्या आईवडिलांच्या नावे, सर्वांना फुकट वाटण्यासाठी करवून घेतले, अशी ती नोंद आहे. हा वांग जिए कोण, राजा की व्यापारी की कारकून, याचा पत्ता नाही. म्हणजे आज काचेत ठेवून, तिकीट लावून, पहारा बसवून दाखवलेली ही वस्तू मुळात आपल्या चैत्यभूमीवर, दीक्षाभूमीवर वाटतात तसली पुस्तिका होती. ती रत्न म्हणून जन्मली नाही. कोणीतरी ती एका गुहेत ठेवून दिली, एवढेच तिचे भाग्य.

मला तात्यांची आठवण झाली. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. १९७९ साली, नामांतराच्या धामधुमीत, त्यांनी स्वतः रचलेल्या चौदा गाण्यांची सोळा पानी पुस्तिका तालुक्याच्या प्रेसमध्ये छापून घेतली होती. पाचशे प्रती, किंमत एक रुपया. निम्म्या फुकटच गेल्या. पहिल्या पानावर आजीचे नाव होते. घरात उरलेली अखेरची प्रत पत्र्याच्या पेटीत वाळवीने खाल्ली. तात्या २०११ साली गेले. आज त्या पुस्तिकेची एकही प्रत माझ्या माहितीत नाही.

आता ग्रंथालयाच्या दुसऱ्या बाजूकडे वळतो. ती पर्यटकाला दिसत नाही. वरच्या मजल्यांवर वाचनकक्ष आहेत. तेथे जायला रीडर पास लागतो. तो फुकट मिळतो, पण ओळखीचा आणि राहत्या पत्त्याचा पुरावा दाखवावा लागतो. पत्त्याचा कागद मी घरी विसरलो, तेव्हा दोष माझाच. काचेच्या दारातून वाकून वाचणारी माणसे पाहिली आणि खाली आलो. त्यांच्यासाठी पुस्तके तळघरांच्या मजल्यांतून आणि दूर यॉर्कशायरमधल्या गोदामांतून वर येतात. एकूण सतरा कोटींहून अधिक वस्तू. हा साठा कोणी चांगले-वाईट पारखून जमवलेला नाही. देशात छापलेल्या प्रत्येक प्रकाशनाची एक प्रत प्रकाशकाने राष्ट्रीय ग्रंथालयाला दिलीच पाहिजे, असा कायदा आहे. पानिझीच्या आधी त्याकडे प्रकाशक दुर्लक्ष करीत. त्याने त्यांना कोर्टात खेचले, तेव्हा पुस्तके येऊ लागली. मला हा पानिझी घुमट बांधणाऱ्या पानिझीपेक्षा मोठा वाटतो. काचेतली रत्ने कोणीतरी निवडलेली असतात, आणि निवडणारा कोण हे आपण शतकानुशतके भोगले आहे. सर्व काही घ्या म्हणणारा कायदा मात्र निवडीचा अधिकारच काढून घेतो.

असे कायदे ज्ञानाच्या प्रेमापोटी झाले, असे कोणी समजू नये. १८६७ चा हिंदुस्थानातला मुद्रण व पुस्तक नोंदणीचा कायदा अठराशे सत्तावनच्या उठावानंतर दहा वर्षांनी आला. नेटिव लोक काय छापतात यावर सरकारला डोळा ठेवायचा होता. त्या कायद्याने छापलेल्या पुस्तकांच्या तिमाही याद्या निघू लागल्या. त्यांत पुस्तकाचे नाव, कर्ता, छापखाना, पाने, किंमत, किती प्रती काढल्या हे सारे असे. त्याच वाटेने मराठी पुस्तकेही लंडनला गेली. १८९२ साली ब्लुमहार्टने म्युझियममधल्या मराठी व गुजराती छापील पुस्तकांची सूची प्रसिद्ध केली. इंडिया ऑफिसचा वेगळा संग्रह १९८२ साली ब्रिटिश लायब्ररीत आला. जोतीरावांच्या काळातला महाराष्ट्र काय वाचत होता हे शोधणाऱ्या संशोधकाला त्यामुळे आज लंडन गाठावे लागते. पाळत ठेवणाऱ्याने जपले आणि आपण जपले नाही, ही गोष्ट कबूल करायला जड जाते.

स्वतंत्र भारताने १९५४ साली आपला कायदा केला, डिलिव्हरी ऑफ बुक्स ॲक्ट. १९५६ साली त्यात वर्तमानपत्रे व नियतकालिके आली. पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांच्या आत प्रकाशकाने स्वखर्चाने एक प्रत कलकत्त्याच्या नॅशनल लायब्ररीला आणि एकेक प्रत इतर तीन ग्रंथालयांना पाठवायची असते. ती तीन म्हणजे चेन्नईचे कॉनेमारा, मुंबईचे सेंट्रल लायब्ररी आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. कलकत्त्याला मराठीचा स्वतंत्र विभाग आहे. पाठवले नाही तर दंड पन्नास रुपयांपर्यंत, वर पुस्तकाची किंमत. तेव्हा कोणी भीत नाही हे ओघानेच आले. पण आपल्या कामाचे कलम व्याख्येचे आहे. कोणत्याही भाषेतले ‘पॅम्फ्लेट’ही या कायद्याने पुस्तकच आहे. सोळा पानी, पिना मारलेली, कवीने स्वतः छापलेली पुस्तिकासुद्धा. समीक्षक तिला वाङ्मय मानोत वा न मानोत, कायदा तिला पुस्तक मानतो.

गेल्या सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर मी तेवीस पुस्तिका विकत घेतल्या. जेथे लिहिणारा स्वतःच विकायला बसला होता तेथे विचारले, "चार प्रती पाठवल्या का?" एकानेही पाठवल्या नव्हत्या. बहुतेकांना ठाऊकच नव्हते. नांदेडकडचे एक वयस्कर शाहीर हसले आणि म्हणाले, "कलकत्त्याला कोण वाचतंय हो सर मराठी? टपालाला पैसं घालवून?" मी त्यांना वांग जिएची गोष्ट सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली, मग विचारले, "त्याला तरी कुठं म्हाईत होतं, कोण वाचणार हाय ते?" आणि चार प्रती बाजूला काढून पत्ते लिहून मागितले. मी माझ्या डायरीचे पान फाडून दिले. नॅशनल लायब्ररीचा पत्ता सोपा आहे: बेल्व्हेडिअर, कलकत्ता ७०००२७.

तात्यांच्या गाण्यांचे काम अजून चालू आहे. काकींना अकरा तोंडपाठ निघाली. त्या म्हणतात, मी लिहून घेतो. मध्येच एखादे कडवे त्यांना सापडत नाही, तेव्हा त्या जात्याच्या लयीत हात फिरवून पाहतात आणि बहुतेक वेळा सापडते. उरलेल्या तीन गाण्यांपैकी एकाचे धृपद शेजारच्या वस्तीतल्या एका बाईंना येते असे कळले आहे. या रविवारी त्यांच्याकडे जायचे आहे. छापायला टाकू तेव्हा पाने सोळाच ठेवायची, असे काकींनी सांगितले आहे.