जुन्या कागदातली आजी कशी ओळखायची?

लेकीची जातपडताळणी असो की शेतीची वारस नोंद, आपण तहसीलमधून जुन्या कागदाची नक्कल आणतो आणि वाचताना अडखळतो. अक्षरं देवनागरी, पण शब्द अनोळखी. असं का?

१९५६ पर्यंत फुलचूर, गोंदियाचा हा भाग नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रांतात, म्हणजे नंतरच्या मध्य प्रदेशात होता. त्यामुळे महसुली कागदांत हिंदी आणि फारसी-अरबी शब्द आले. आपल्या तोंडातला ‘मामा तलाव’ही त्याच काळाची आठवण : मामा म्हणजे माजी मालगुजारी!

समजा, नोंद अशी आहे : ‘मुसम्मात सोनाबाई बेवा लक्ष्मण, कौम गोंड, साकिन मौजा फुलचूर’. आता एकेक शब्द सोडवू.

मुसम्मात हे बाईच्या नावाआधी लावायचे. त्याचं ‘मु.’ असंही लिहिलेलं असतं. गावाच्या नावाआधी ‘मु.’ असेल तर मात्र तो मुक्काम. बेवा म्हणजे विधवा, कौम म्हणजे जात-जमात, साकिन म्हणजे राहणार, मौजा म्हणजे गाव. म्हणजे ही फुलचूरला राहणारी, लक्ष्मणची विधवा सोनाबाई.

आणखी तीन शब्द ध्यानात ठेवा. ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘जौजे’ म्हणजे अमक्याची बायको, ‘फौत’ म्हणजे मयत. ‘जौजे’पुढचं नाव नवऱ्याचं असतं. ते बापाचं समजलं, तर वंशावळीत आजोबाची बायको त्याची लेक होऊन बसते!

जन्म-मृत्यूच्या जुन्या कोतवाल पंजीत बाळाचं नाव नसून बापाच्या नावापुढे नुसतं ‘मुलगी’ लिहिलेलं सापडतं. अशा वेळी जन्मतारीख शाळेच्या दाखल-खारीज नोंदीशी जुळवून पाहायची.

हे सारं कशासाठी? जातपडताळणीत अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, तर इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा पाहतात. तेव्हा आपण जन्मलोही नव्हतो. आपल्या वतीने आजी-आजोबांचा कागदच बोलतो. लेकीचा प्रवेश किंवा राखीव जागेवरची उमेदवारी त्यावर अडू शकते.

म्हणून नक्कल प्रमाणित घ्या. तिच्यावर पेनाने काही लिहू नका, शब्द ‘दुरुस्त’ करू नका. अर्थ वेगळ्या कागदावर मांडा. कागद मोडीत असेल तर मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. आणि गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने घरचा एक जुना कागद आणा. म्हाताऱ्या बायांनाही बोलवा. यातले कितीतरी शब्द त्यांनी ऐकलेले असतील.